अख्खं स्कॉटलंड नको, एक खोरं वाचा

प्रश्न असा आहे: मुलगा-सून इन्व्हरनेसला असतात, जून-जुलैत सहा आठवडे तिकडे जायचंय. विचारणाऱ्या ताई इतिहासाच्या निवृत्त शिक्षिका. 'ब्रेव्हहार्ट' पाहून झालाय. बसमधून दोन किल्ले आणि लॉख नेस बघून परत यायचं नाही, तिथल्या मातीचा इतिहास समजून घ्यायचाय. जाण्याआधी आणि तिथे असताना कोणती पुस्तकं वाचावीत? मराठीत काही आहे का?

ताई, मी एकवीस वर्षं स्कॉटलंडमधल्या एका सार्वजनिक ग्रंथालयात स्थानिक इतिहासाचा कक्ष सांभाळला. हा प्रश्न काउंटरवर आठवड्यातून दोनदा तरी यायचा, आणि पहिली काही वर्षं मी त्याचं चुकीचं उत्तर दिलं. स्कॉटलंडचा साद्यंत इतिहास सांगणारा एखादा जाडजूड ग्रंथ मी समोर ठेवायचे. लोक तो पिक्ट म्हणजे तिथल्या प्राचीन रहिवाशांपर्यंत नेटाने वाचायचे आणि मुदतीआधी परत आणून द्यायचे.

कॅनडाहून आलेलं एक वयस्कर जोडपं अजून आठवतं. आजोबांचे पूर्वज सदरलंडमधून गेलेले. मी हौसेने त्यांच्यापुढे व्हिक्टोरियन काळातला एक कुळ-इतिहास, म्हणजे एका क्लॅनचा, सरदार-घराण्याचा इतिहास ठेवला. सोनेरी कडा, रंगीत चौकड्यांचं टार्टन कापड, किल्ल्याचं चित्र. खूश होऊन गेले. दुसऱ्या दिवशी परत हजर. "हे सगळं सरदाराचं झालं, आमची माणसं कुठे राहायची?" मग आम्ही ऑर्डनन्स सर्व्हे या सरकारी नकाशा-खात्याचा मैलाला सहा इंच प्रमाणाचा जुना नकाशा काढला. त्या नकाशांत छप्पर असलेलं घर भरीव दाखवतात आणि छप्पर गेलेलं घर नुसत्या पोकळ चौकटीने. त्यांच्या गावाच्या नावाखाली नऊ चौकटी होत्या, नऊच्या नऊ पोकळ. आजी बोटाने त्या मोजत बसल्या. कुळ-इतिहास टेबलावर तसाच राहिला. तेव्हापासून मी आधी नकाशा देते.

म्हणून माझा सल्ला सरळ आहे. एक खोरं निवडा आणि त्याच्याबद्दल एकमेकांशी भांडणारी चार पुस्तकं वाचा. तुम्ही इन्व्हरनेसला आहात, म्हणून मी स्ट्रॅथनेव्हर सुचवते. सदरलंडच्या उत्तर टोकाला, नेव्हर नदीचं रुंद, हिरवं आणि आज जवळजवळ रिकामं असलेलं खोरं. स्ट्रॅथ म्हणजे रुंद खोरं, ग्लेन म्हणजे अरुंद. हा फरक तिथे गाडीतूनही कळतो.

सुरुवात नावांपासून करा, कारण ती फुकट आहे. नॅशनल लायब्ररी ऑफ स्कॉटलंडच्या संकेतस्थळावर जुने नकाशे मोफत आहेत. एका बाजूला जुना नकाशा, दुसऱ्या बाजूला आजचं उपग्रहचित्र, असं शेजारी-शेजारी बघता येतं. इन्व्हर म्हणजे नदीचं मुख, म्हणून इन्व्हरनेस. बाल म्हणजे वाडी, अख म्हणजे शेत, किल म्हणजे जुनं चर्च. ही झाली गेलिक, म्हणजे तिथल्या डोंगराळ भागाची जुनी भाषा. हेल्म्सडेल, बेरीडेल यांतला 'डेल' मात्र नॉर्स म्हणजे व्हायकिंग लोकांचा, विक या गावाचं नावही त्यांचंच. आणि सगळ्यांत गंमत सदरलंडची. ब्रिटनच्या मुख्य भूमीच्या अगदी वरच्या टोकाला असलेल्या या मुलखाचं नाव 'दक्षिणेची भूमी', कारण ते ठेवणारे ऑर्कनी बेटांवर बसून खाली बघत होते. दक्षिण-पूर्वेकडे सरकलात की पिट्लॉख्री, पिटनवीम अशी 'पिट' लागलेली नावं भेटतील. ती पिक्टांची खूण. राज्य कुणाचं कुठपर्यंत होतं हे इतक्या स्वस्तात दुसरं काही सांगत नाही.

त्यानंतर स्टॅटिस्टिकल अकाउंट. नाव रुक्ष आहे, पण माझ्या मते स्कॉटलंडवरचं सगळ्यांत रसाळ लिखाण हेच. सर जॉन सिंक्लेअर हा सदरलंडशेजारच्या केथनेसचा जमीनदार. त्याने देशातल्या ९३८ पॅरिशच्या (एका चर्चच्या हद्दीतल्या मुलखाच्या) पाद्र्यांना दीडशेहून जास्त प्रश्नांची यादी पाठवली: लोकसंख्या, मजुरी, धान्याचे भाव, आजार, गुरं, शाळा, जुने अवशेष. १७९१ ते १७९९ या काळात त्यांची उत्तरं २१ खंडांत छापली. 'स्टॅटिस्टिक्स' हा शब्द इंग्रजीत रुजवला तो यानेच, आणि त्याचा अर्थ त्याच्या लेखी केवळ आकडे असा नव्हता. लोकांच्या वाट्याला सुख किती आहे आणि ते वाढवता कसं येईल, हे त्याला मोजायचं होतं. प्रश्नावली एकच, पण उत्तरं माणसागणिक वेगळी. एक पाद्री दोन पानांत आटपतो, दुसरा पन्नास पानं लिहितो, तिसरा मध्येच शाळामास्तरच्या तुटपुंज्या पगाराबद्दल कळवळतो. खंड छापले गेले ते उत्तरं जशी आली तशी, त्यामुळे शेजारची दोन गावं वेगवेगळ्या खंडांत सापडतात. हैराण होऊ नका. स्टॅटिस्टिकल अकाउंटच्या संकेतस्थळावर पॅरिशच्या नावाने शोधलं की पान उघडतं. छापील प्रत हवी असेल तर १९७०-८० च्या दशकांत परगण्यांनुसार लावून काढलेली पुनर्मुद्रित आवृत्ती ग्रंथालयात मागा.

१८३४ ते १८४५ या काळात हाच उद्योग पुन्हा झाला, १५ खंडांत. स्ट्रॅथनेव्हरचा मोठा भाग 'फार' (Farr) या नावाच्या पॅरिशमध्ये येतो. फारचं पहिलं वर्णन आणि दुसरं वर्णन एकाच संध्याकाळी, लागोपाठ वाचा. मधल्या काळात १८१४ आणि १८१९ ही दोन सालं येऊन गेली आहेत. त्या सालांत खोऱ्यातली कुटुंबं काढून किनाऱ्यावरच्या खडकाळ तुकड्यांवर नेऊन बसवली आणि त्यांच्या जमिनीवर मेंढ्या सोडल्या. पाद्र्याचा सूर, त्याने काय लिहिलं आणि काय टाळलं, हे तुमच्यासारख्या शिक्षिकेला मी सांगायला नको. एवढंच ध्यानात असू द्या की पाद्र्याची नेमणूक आणि घरदार जमीनदाराच्या मर्जीवर अवलंबून असायचं.

आता भांडण. या विस्थापनाला हायलँड क्लिअरन्सेस म्हणतात (हायलँड म्हणजे स्कॉटलंडचा उत्तरेकडचा डोंगराळ भाग), आणि त्यातला सगळ्यांत कुप्रसिद्ध माणूस पॅट्रिक सेलर, सदरलंड इस्टेटीचा कारभारी. १८१४ च्या जूनमध्ये बॅडिनलॉस्किन इथे विल्यम चिझमच्या घराला आग लावली गेली. आत त्याची सासू होती, शंभरीला टेकलेली, अंथरुणाला खिळलेली. तिला बाहेर काढलं, पाच दिवसांनी ती गेली. सेलरवर खटला चालला तो १८१६ मध्ये, तुमच्या इन्व्हरनेसमध्येच. ज्युरीने त्याला निर्दोष सोडलं.

या एका प्रकरणावर निदान चार आवाज ऐका. पहिला इस्टेटीचा मुख्य कारभारी जेम्स लॉख याचा. त्याने १८२० मध्ये इस्टेटीवरच्या 'सुधारणां'चा अहवाल पुस्तकरूपाने काढला. रस्ते, पूल, बंदरं, सगळं कसं छान चाललंय. मला त्याचा राग येतो, पण मी तो प्रत्येकाला वाचायला लावते, कारण तो लबाड नव्हता. त्याचा त्यावर विश्वास होता, आणि तीच त्यातली भीतिदायक गोष्ट आहे.

दुसरा आवाज डॉनल्ड मॅक्लाऊडचा. हा याच खोऱ्यातल्या रोसल गावचा गवंडी. त्याने १८४०-४१ मध्ये एडिनबराच्या एका साप्ताहिकात पत्रं लिहून डोळ्यांनी पाहिलेलं सांगितलं. पुढे गंमत झाली. 'अंकल टॉम्स केबिन'ची लेखिका हॅरिएट बीचर स्टो पाहुणचार घेऊन गेली आणि १८५४ च्या 'सनी मेमरीज' या प्रवासवर्णनात तिने सदरलंडच्या डचेसची बाजू घेतली. गुलामांसाठी रडणाऱ्या बाईला दारातलं दिसलं नाही! तोवर कॅनडात पोचलेल्या मॅक्लाऊडने आपल्या पुस्तकाला नाव दिलं 'ग्लूमी मेमरीज'. गवंड्याने विटेला वीट मारली. त्याच्या लिखाणात अतिशयोक्ती आहे, तारखा घसरतात, तरी ते टाकून देता येत नाही. बखर वाचायची आपल्याला सवय आहे, तीच इथे कामी येते.

तिसरा जॉन प्रेबल, 'द हायलँड क्लिअरन्सेस', १९६३. पुस्तकांच्या दुकानांत हटकून मिळतं. हाताला धरून नेतो, रात्री झोपू देत नाही. विद्यापीठातल्या इतिहासकारांनी त्याला भरपूर झोडपलं आणि बऱ्याच ठिकाणी त्यांचं बरोबर होतं. पण विषय सामान्य वाचकाच्या घरात नेला तो त्याने. आणि चौथा एरिक रिचर्ड्स, ज्याने इस्टेटीचे कागद आणि हिशेब वर्षानुवर्षं चाळले. सेलरवर त्याचं स्वतंत्र पुस्तक आहे, १९९९ चं. प्रेबल आधी, रिचर्ड्स नंतर. हा क्रम उलटा करू नका, नाहीतर रिचर्ड्स कुणाशी वाद घालतोय तेच कळणार नाही. टॉम डिव्हाइनचं २०१८ चं 'द स्कॉटिश क्लिअरन्सेस' जमलं तर शेवटी घ्या. जमिनीवरून माणसं फक्त हायलँडमध्ये नाही, दक्षिणेकडच्या सखल भागांतही हटवली गेली, फक्त त्यांची गाणी झाली नाहीत, असा त्याचा रोख आहे.

माझं स्वतःचं सगळ्यांत आवडतं साधन मात्र पुस्तकांच्या दुकानात मिळत नाही. १८८३ मध्ये लॉर्ड नेपियरच्या अध्यक्षतेखाली एक आयोग गावोगाव फिरला आणि दुसऱ्याची जमीन कसणाऱ्या कुळांच्या साक्षी घेत गेला. फारच्या किनाऱ्यावर, बेटीहिललाही तो बसला होता. म्हातारी माणसं गेलिकमध्ये बोलतात, दुभाषा सांगतो, लेखनिक उतरवतो. हे साक्षींचे खंड आज संगणकावर मोफत वाचता येतात. प्रश्न आणि उत्तर, प्रश्न आणि उत्तर. कुणी किती मेंढ्या, किती बटाटे, मालकाच्या कामाचे किती दिवस फुकट, एवढंच सांगतो, आणि मध्येच एखादं वाक्य असं येतं की पुस्तक मिटून ठेवावं लागतं. त्यातूनच १८८६ चा कुळकायदा आला. हा नेपियर त्याआधी मद्रासचा गव्हर्नर होता आणि १८७२ मध्ये लॉर्ड मेयोच्या खुनानंतर काही आठवडे हंगामी व्हाइसरॉय, तेव्हा कुळ आणि सारा या गोष्टी त्याला नवख्या नव्हत्या.

एवढं वाचून झालं की मगच गाडी काढा. बेटीहिलला जुन्या चर्चमध्ये स्ट्रॅथनेव्हरचं संग्रहालय आहे. गोल्स्पीवरून जाताना डोंगरावर ड्यूक ऑफ सदरलंडचा प्रचंड पुतळा दिसेल. मॅक्लाऊड वाचून त्याच्याकडे बघणं आणि न वाचता बघणं यात फार फरक आहे. आणि एक दिवस क्रोइकच्या चर्चसाठी राखा. अर्डगेपासून आत, एकेरी रस्त्याच्या शेवटी. हे स्ट्रॅथनेव्हर नव्हे, पण गोष्ट तीच. १८४५ च्या मेमध्ये ग्लेनकॅल्व्हीहून काढलेली कुटुंबं या चर्चच्या आवारात आडोसा करून राहिली. पूर्वेकडच्या खिडकीला शंकरपाळ्याच्या आकाराची छोटी तावदानं आहेत. त्यांवर बाहेरून त्यांनी ओरखडून लिहिलं. अक्षर बारीक आहे, उजेड तिरपा पडला तरच लागतं. 'ग्लेनकॅल्व्हीचे लोक, दुष्ट पिढी' अशा अर्थाचे शब्द आहेत. म्हणजे घर गेलं ते आपल्याच पापाने, अशी त्यांची समजूत. दुसरी गोष्ट माझ्या फार उशिरा लक्षात आली. घरात गेलिक बोलणाऱ्या या माणसांनी काचेवर लिहिलं ते इंग्रजीत.

कादंबऱ्या विचारल्या नाहीत तुम्ही, पण त्या वगळल्या तर अर्धा मुलूख वगळला. नील गनचं 'द सिल्व्हर डार्लिंग्ज', १९४१. खोऱ्यातून किनाऱ्यावर फेकलेल्या, समुद्र कधी न पाहिलेल्या शेतकऱ्यांनी हेरिंग मासळी धरायला शिकायचं, ही गोष्ट. सुरुवातीलाच एका तरुणाला नौदलाची माणसं पकडून नेतात. पुढे त्याचा मुलगा मोठा होतो. गन केथनेसमधल्या डनबीथचा, त्याच्या शाळेच्या इमारतीतच आज तिथलं वारसा केंद्र आहे. कोकणातल्या माणसाला यातली जाळी आणि वाऱ्याची भाषा बसल्या बसल्या कळेल. इयन क्रायटन स्मिथचं 'कन्सिडर द लिलीज' अगदी छोटं आहे. घर सोडायची नोटीस आलेल्या एका म्हातारीची गोष्ट, दोन बैठकांत संपतं. त्यात सेलर आणि मॅक्लाऊड दोघंही पात्रं म्हणून येतात, पण ते इतिहास म्हणून वाचू नका. हायलँड सोडून एखादं पुस्तक हवं असेल तर लुइस ग्रासिक गिबनचं 'सनसेट साँग', १९३२. ॲबरडीनच्या दक्षिणेकडचा मर्न्झ हा शेतीचा पट्टा, आणि पहिलं महायुद्ध त्याचं काय करतं ते. त्याची इंग्रजी स्कॉट्सच्या वळणाची आहे. पहिली वीस पानं अडखळायला होतं, ती मोठ्याने वाचा, म्हणजे आपोआप चाल सापडते. अहिराणी किंवा मालवणी पहिल्यांदा छापील पाहिली की जसं होतं, तसंच.

स्टीव्हन्सनचं 'किडनॅप्ड' मुलांचं म्हणून बाजूला ठेवू नका. त्यातला अ‍ॅपिनचा खून खरा आहे, १७५२ च्या मेमधला. स्टीव्हन्सनने तो १७५१ मध्ये नेला आणि अर्पणपत्रिकेत तसं कबूलही केलं. मला असे लेखक आवडतात.

वॉल्टर स्कॉट मात्र जपून. १८१४ ची 'वेव्हर्ली' सुरुवातीला फार रेंगाळते. तिथून सुरू केलं तर स्कॉटशी कायमची कट्टी होईल. पण त्याचा प्रताप बघा: एडिनबराच्या मुख्य रेल्वे स्थानकाचं नाव एका कादंबरीवरून आहे. १८२२ मध्ये राजा चौथा जॉर्ज एडिनबराला आला तेव्हा स्वागताची सगळी मांडणी स्कॉटने केली आणि अख्ख्या देशाला टार्टन नेसवलं. १७४६ च्या कायद्याने हायलँडचा हाच वेश बंद केला होता आणि १७८२ मध्ये ती बंदी उठली होती. मग मागणी आली, मागणीमागे पुरवठा आला. १८४२ मध्ये दोन भावांनी 'व्हेस्टियारियम स्कॉटिकम' नावाचं, जुन्या हस्तलिखितावर आधारलेलं म्हणून टार्टनचं पुस्तक काढलं. हस्तलिखित बनावट होतं. त्यातले कित्येक नमुने आजही दुकानांत अमुक कुळाचे म्हणून विकले जातात. मफलर खुशाल घ्या, ऊब खरी असते.

'ब्रेव्हहार्ट'चंही तेच. त्याचं मूळ ब्लाइंड हॅरीच्या काव्यात आहे. चित्रपटाचा नायक वॉलेस याला १३०५ मध्ये मारलं, हॅरीने लिहिलं ते सुमारे १७० वर्षांनी. म्हणजे पोवाडा, आणि तोही उशिराचा. स्टर्लिंग ब्रिजच्या लढाईतून चित्रपटाने पूलच काढून टाकलाय, यावर जास्त बोलत नाही. कलोडनच्या १७४६ च्या रणांगणावर जालच, इन्व्हरनेसहून बस आहे. तिथल्या क्लॅनच्या नावांचे दगड १७४६ चे नाहीत, १८८१ मध्ये बसवलेले आहेत, एवढं ठाऊक असू द्या.

एक पुस्तक तुम्हाला वेगळ्या कारणासाठी. एलिझाबेथ ग्रँटचं 'मेमॉयर्स ऑफ अ हायलँड लेडी'. तिचं बालपण अ‍ॅव्हीमोरजवळच्या रॉथीमर्कसच्या जंगलात गेलं. लाकूडतोडे तळ्यांचे बांध उघडून ओंडके पाण्याबरोबर स्पे नदीत सोडतात, त्याचं तिने केलेलं वर्णन मी लायब्ररीत शाळेच्या मुलांना वाचून दाखवायचे. पुढे वडील कर्जात बुडाले आणि न्यायाधीश होऊन आले कुठे, तर मुंबईला. तिचं लग्नही मुंबईतच झालं, १८२९ मध्ये. हे वडील म्हणजे सर जॉन पीटर ग्रँट. पुण्यातल्या मोरो रघुनाथ या मुलाच्या ताब्यावरून गव्हर्नर माल्कमशी भांडण जुंपलं आणि ज्यांनी न्यायालयच बंद केलं, ते. माल्कमही स्कॉटच, एस्कडेलचा. पुस्तक मूळ कुटुंबासाठी लिहिलेलं, छापलं गेलं १८९८ मध्ये, तिच्या मृत्यूनंतर. संपूर्ण आवृत्ती घ्या. जुन्या संक्षिप्त आवृत्त्यांतून बरंच गाळलेलं असतं.

पुस्तकं इथून वाहून नेऊ नका. इन्व्हरनेसला चर्च स्ट्रीटवर लीकीज म्हणून जुन्या पुस्तकांचं दुकान आहे, एका जुन्या गेलिक चर्चमध्ये, मधोमध लाकडाची शेगडी. स्थानिक इतिहासाची मांडणी चांगली आहे. तिथे एक अख्खी दुपार जाते, सुनेला आधी सांगून ठेवा. गावच्या सार्वजनिक ग्रंथालयात जाऊन मुक्कामापुरतं सभासद होता येईल का विचारा. नाहीच झालं तरी तिथे बसून वाचायला कुणी आडकाठी करत नाही. दक्षिणेकडे उतरणार असाल तर क्रीफजवळचं इनरपेफ्री ग्रंथालय चुकवू नका. १६८० चं, सर्वांना मोफत पुस्तकं देणारं स्कॉटलंडमधलं सगळ्यांत जुनं. तिथे १७४७ पासूनची देवघेवीची वही आहे. कुणी कोणतं पुस्तक नेलं, त्याचा धंदा काय, राहतो कुठे. माझ्यासारखीला ती वही म्हणजे पंढरी. वाटेत नावं विचारताना फजिती होऊ नये म्हणून: कूरस (Culross), मल्गाय (Milngavie), कर्कूब्री (Kirkcudbright). स्पेलिंग बघून तुम्ही हे म्हणणार नाही, मीही म्हटलं नव्हतं. 'लॉख'मधला ख मात्र घशातून घासून म्हणा, लंडनकरांसारखा 'लॉक' करू नका.

मराठीचं विचारलंत, तर ती वाट उलट बाजूने जाते. मराठ्यांचा इतिहास १८२६ मध्ये छापणारा, साताऱ्याच्या गादीशेजारी बसून कागद गोळा करणारा ग्रँट डफ हा बॅन्फचा, इन्व्हरनेसच्या पूर्वेला किनाऱ्यावरच्या गावचा. कॅपनने केलेलं त्याचं मराठी भाषांतर, 'मराठ्यांची बखर', तुम्ही शिकवताना चाळलं असेल, आणि नीळकंठराव कीर्तन्यांनी त्या बखरीची जी झडती घेतली तीही. मुंबई इलाख्याचं गॅझेटिअर संपादणारा जेम्स कॅम्बेल हा एका स्कॉटिश धर्मशास्त्रज्ञाचा मुलगा. साताऱ्याचा १८८५ चा खंड घरी असेल तर जाण्याआधी पुन्हा उघडा आणि त्याच्या शेजारी फारचं वर्णन ठेवा: पिकं, भाव, रोग, देवळं, जाती, आणि लिहिणाऱ्याने गाळलेली माणसं. कीर्तन्यांनी ग्रँट डफला जे प्रश्न विचारले, तेच फारच्या पाद्र्याला विचारत वाचा.

'फार'चं पान संकेतस्थळावर सापडलं नाही तर आधी सदरलंड परगणा निवडा, मग पॅरिश. आणि सुनेच्या माहेरचं किंवा शेजाऱ्यांचं एखादं दुसरं गाव मनात असेल, तर नाव कळवा. कोणत्या खंडात आहे ते बघून सांगते.